वकिलाचे दप्तर संगणकावर नेताना: मूळ कागद, गोपनीयता आणि पक्षकाराचा विश्वास

आमच्या कार्यालयात पहिल्यांदा जुन्या फाइली स्कॅन करायला घेतल्या, तेव्हा एका साठेखताच्या मुद्रांकाची फक्त पुढची बाजू स्कॅन झाली आणि मूळ साठेखत पोच घेऊन पक्षकाराला परत दिले गेले. पुढे प्रतिवादीने कैफियतीत असा मुद्दा घेतला, की मुद्रांक मागाहून विकत घेऊन त्यावर आधीची तारीख टाकलेली आहे. मुद्रांक विक्रेत्याचा अनुक्रमांक, खरेदीदाराचे नाव, विक्रीची तारीख आणि सही हे सारे त्या मुद्रांकाच्या पाठीवर होते आणि आमच्या संगणकात ती पाठच नव्हती. पक्षकाराने मूळ कागद पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला होता म्हणून निभावले. त्या दिवसापासून आमच्याकडे कोरे पान असले तरी दोन्ही बाजू स्कॅन होतात, आणि मूळ कागद कुठे आहे हे नोंदवल्याशिवाय स्कॅन पूर्ण झाले असे धरले जात नाही.

दोन-तीन वकील, एखादा कनिष्ठ आणि एक कारकून एवढाच पसारा असलेल्या, जिल्हा किंवा तालुका न्यायालयात काम करणाऱ्या कार्यालयांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहीत आहे. ई-कोर्ट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली आणि न्यायालयांची दप्तरे स्कॅन करणे हा त्यातला मोठा भाग आहे. न्यायालय संगणकावर जात असताना आपण कागदावरच राहू, असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही. मात्र या कामाची खरी अडचण यंत्राची नाही. कोणता कागद कधीही नष्ट करायचा नाही आणि कोणती फाइल कोणी उघडायची, हे ठरवण्याची आहे. ते आधी ठरवावे; स्कॅनर नंतर विकत घ्यावा.

कागदांची वर्गवारी

फाइल सोडल्यावर तीन गठ्ठे करावेत. पहिला गठ्ठा पक्षकाराच्या मूळ कागदांचा: खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र, धनादेश, वचनचिठ्ठी, जुने फेरफार, मोडीतली कागदपत्रे. दुसरा गठ्ठा शाईची सही असलेल्या, पण आपल्या कामातून तयार झालेल्या कागदांचा: वकीलपत्र, शपथपत्र, तडजोडीचा मसुदा, नोटिशीची स्थळप्रत आणि तिच्या टपालाच्या पावत्या. तिसऱ्या गठ्ठ्यात झेरॉक्स, कच्चे मसुदे आणि न्यायनिर्णयांच्या छापील प्रती येतात. कागद कमी होतो तो याच तिसऱ्या गठ्ठ्यातून, आणि जाडी मोजली तर बहुतेक फाइलींत हाच गठ्ठा सर्वांत मोठा निघतो.

पहिल्या गठ्ठ्याबद्दल कायदा स्पष्ट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही दस्तऐवज मुळातूनच शाबीत करायचा असतो आणि दुय्यम पुराव्याला परवानगी ठरावीक परिस्थितीतच मिळते. खरेदीखत स्कॅन करून मूळ हरवले, तर ते हरवल्याचे शाबीत करण्याचा भार पक्षकारावर येतो आणि त्याला कारण आपण ठरतो. त्यातही तीस वर्षांहून जुन्या दस्तांची काळजी वेगळी. योग्य ताब्यातून आलेल्या अशा दस्ताबद्दल न्यायालय कलम ९२ खाली, म्हणजे जुन्या कायद्याच्या कलम ९० प्रमाणे, सही व अक्षर खरे असल्याचे गृहीत धरू शकते. तो कागद कोणाच्या ताब्यातून कोणाकडे गेला, याची साखळी आपल्या कार्यालयात तुटता कामा नये. म्हणून मूळ कागद घेताना आणि परत देताना नोंदवहीत तारीख, पानांची संख्या, कागदाची अवस्था आणि पक्षकाराची सही किंवा अंगठा घ्यावा. ही एक वही मात्र कागदीच असू द्यावी.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या पहिल्या अनुसूचीत मृत्युपत्र आणि न्यास यांना त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले आहे, तेव्हा मृत्युपत्राची नुसती संगणकीय प्रत कामाची नाही. दुसऱ्या गठ्ठ्याच्या बाबतीत ई-फायलिंगचे नियम पाहावेत: स्कॅन करून दाखल केलेल्या कागदाचे मूळ जपून ठेवून न्यायालयाने मागितल्यावर हजर करण्याची जबाबदारी दाखल करणाऱ्यावर असते. ‘ई-फायलिंग झाले, आता शपथपत्र फाडले तरी चालेल,’ असे कारकुनाला वाटू नये म्हणून हे त्याला स्वतः समजावून सांगावे.

पक्षकाराला आधी सांगावे

पक्षकाराने फाइल आपल्या हातात दिली, ती आपल्या कपाटात राहील असे समजून. ती आता दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरवर जाणार असेल, तर त्याला ते कळायला हवे. आम्ही वकीलपत्रासोबत एका पानाचे पत्र देतो आणि त्यातला मजकूर वाचून दाखवतो: ‘आपल्या कागदांच्या संगणकीय प्रती करून त्या कुलूपबंद स्वरूपात ठेवल्या जातील. मूळ कागद आपल्याला पोच घेऊन परत दिले जातील, ते आपण जपून ठेवावेत. प्रकरण संपल्यावर किंवा आपण वकील बदलल्यास आपल्याला संपूर्ण फाइलची प्रत मिळेल. आपल्या लेखी संमतीशिवाय ही माहिती इतरांना दिली जाणार नाही.’ एवढे चार वाक्यांत सांगता येते. पक्षकार निरक्षर असेल तर वाचून दाखवल्याची नोंद त्याच कागदावर करावी.

यातल्या तिसऱ्या वाक्यामागे सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आहे. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या २००० सालच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले, की फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराची फाइल अडवून ठेवता येत नाही. फाइल संगणकात गेल्याने हे बदलत नाही, उलट अडवणूक अधिक सोपी होते आणि म्हणून अधिक गैर ठरते. नव्या वकिलाला फाइल देताना ती कोणत्याही संगणकावर उघडेल अशा पीडीएफ स्वरूपात, पूर्ण आणि क्रमवार द्यावी. आपल्या एखाद्या खास सॉफ्टवेअरशिवाय न उघडणारा साठा देणे म्हणजे फाइल न देण्यासारखेच आहे. कार्यालयासाठी सॉफ्टवेअर निवडतानाही पहिला प्रश्न हाच विचारावा, की उद्या हे बंद केले तर सर्व कागद त्यांच्या नावांसह आणि क्रमासह बाहेर काढता येतील का.

स्कॅन करताना

स्कॅनची स्पष्टता ३०० डीपीआयच्या (इंचामागे ठिपक्यांच्या) खाली जाऊ नये. शिक्का, मुद्रांक, अंगठा किंवा वेगळ्या शाईतली दुरुस्ती असलेले पान रंगीतच स्कॅन करावे. काळ्या-पांढऱ्या प्रतीत निळ्या सहीवरचा जांभळा शिक्का सहीत मिसळून जातो आणि उलटतपासणीच्या वेळी नेमके तेच पाहायचे असते. टाचण्या काढताना पानांचा क्रम बिघडतो, म्हणून सोडण्याआधी पेन्सिलने पृष्ठक्रमांक घालावेत. न्यायालयात कागदावर निशाणी, म्हणजे न्यायालयाने दिलेला क्रमांक, पडलेली असेल तर निशाणी क्रमांकच आपल्या फाइलच्या नावात यावा, कारण युक्तिवादाच्या वेळी न्यायाधीश ‘निशाणी ४२ दाखवा’ म्हणतात, ‘वादीच्या यादीतील तिसरा कागद’ म्हणत नाहीत. दीर्घकाळ ठेवायच्या प्रती पीडीएफ-ए या जतनासाठीच ठरवलेल्या प्रकारात साठवाव्यात.

मोजणीचे नकाशे वेगळे हाताळावे लागतात. ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची पक्षकाराला मिळणारी प्रत, घडी घालून ए-४ आकाराच्या यंत्रात तुकड्यातुकड्यांनी स्कॅन केली, की प्रमाण बिघडते आणि हद्दीच्या वादात ती प्रत निरुपयोगी ठरते. अशा नकाशासाठी बाहेर मोठ्या स्कॅनरकडे जावे लागते. तेव्हा कारकुनाने तिथे थांबून, प्रत आपल्या पेन ड्राइव्हवर घेऊन, दुकानातल्या संगणकावरची प्रत रिसायकल बिनमधूनही काढायला लावूनच परतावे. भाड्याच्या झेरॉक्स यंत्रांविषयीही हे ध्यानात ठेवावे, की अनेक मोठ्या यंत्रांत हार्ड डिस्क असते आणि तीत स्कॅन केलेल्या पानांच्या प्रती राहू शकतात. यंत्र परत देताना ती पुसून घ्यावी आणि तसे लेखी घ्यावे.

मराठी कागदांत शोध घेता येणे ही मोठी सोय आहे, पण तिच्या मर्यादा ओळखून चालावे. देवनागरी छापील मजकुराचे ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखून शोधता येणारा मजकूर करणे, आता बरेच चांगले होते. हस्ताक्षरातला रोजनामा, कार्बन प्रत आणि फिकट टंकलेखन यांवर मात्र विसंबू नये, आणि मोडी कागदासाठी जाणकाराने केलेले लिप्यंतर त्याच फाइलला जोडावे. आणखी एक अडचण मराठी वकिलांच्या खास वाट्याची आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे आपले मसुदे श्रीलिपी किंवा आयएसएम या टंकलेखन सॉफ्टवेअरांच्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ते उघडले, की इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन गुंता दिसतो आणि शोधात पक्षकाराचे नाव कधीच सापडत नाही. अशा फाइलींची तात्काळ पीडीएफ करून घ्यावी आणि पुन्हा लागणारे मसुदे युनिकोडमध्ये बदलून नजरेखालून घालावेत. बदलताना रफार आणि जोडाक्षरे बिघडतात, त्यामुळे गट नंबर, क्षेत्र आणि चतु:सीमा मूळ कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय तो मसुदा वापरू नये.

फाइलचे नाव वर्ष-महिना-दिवस या क्रमाने सुरू करावे, म्हणजे कागद आपोआप तारीखवार लागतात. त्यानंतर कागदाचा प्रकार आणि निशाणी. प्रत्येक प्रकरणाच्या फोल्डरला त्या प्रकरणाला ई-कोर्ट यंत्रणेत मिळालेला सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक द्यावा, म्हणजे ई-कोर्टच्या नोंदीशी मेळ राहतो. लैंगिक अत्याचाराच्या, पोक्सोच्या (बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याच्या) आणि बालकांच्या इतर प्रकरणांत फोल्डरला पीडितेचे किंवा कुटुंबाचे नाव कदापि देऊ नये. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ ने आणि पोक्सोच्या कलम २३ ने ओळख उघड करण्यास मनाई केली आहे. फोल्डरचे नाव म्हणजे प्रसिद्धी नव्हे हे खरे, पण ते बाहेर जायला चुकून जोडलेली एक फाइल किंवा सुनावणीत दाखवलेला एक स्क्रीन पुरेसा होतो.

कुलूप आणि किल्ल्या

साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ ने वकिलावर घातलेले गोपनीयतेचे बंधन वकीलपत्र संपल्यावरही संपत नाही आणि ते वकिलाच्या कारकुनांना व नोकरांनाही लागू आहे. बार कौन्सिलच्या आचारनियमांनी त्या बंधनाचा भंग हा व्यावसायिक गैरवर्तनाचा विषय केला आहे. म्हणून संगणक सुरक्षेचा विचार ‘आयटीवाल्याचे काम’ म्हणून सोडून देता येत नाही.

बहुतेक कार्यालयांत सारे कर्मचारी एकच पासवर्ड वापरतात आणि तो मॉनिटरला चिकटवलेला असतो. ई-फायलिंगचा ओटीपी येणारा फोनही दिवसभर कारकुनाच्या खिशात असतो. हे आधी थांबवावे. प्रत्येकाचे खाते वेगळे असावे, प्रत्येकाला त्याच्या कामापुरत्याच फाइली दिसाव्यात, आणि ई-मेल व क्लाउड खात्यांना दुसऱ्या टप्प्याची पडताळणी असावी. डिजिटल सहीचे टोकन वकिलाने स्वतःजवळ ठेवावे, कारण त्या सहीची जबाबदारी त्याची आहे. कनिष्ठ वकील सोडून जाईल त्याच दिवशी त्याचे खाते बंद करावे. यात त्याच्यावर अविश्वास नाही, उद्या काही बाहेर गेलेच तर त्याच्यावर नाहक संशय येऊ नये हाही हेतू आहे. लॅपटॉपची डिस्क पूर्ण कूटबद्ध करावी. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर असते आणि मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट. त्याची पुनर्प्राप्तीची किल्ली छापून लोखंडी कपाटात ठेवावी, त्याच लॅपटॉपमध्ये ठेवू नये.

माझ्या मते आज सर्वांत मोठी गळती होते ती पीडीएफ लहान करून देणाऱ्या फुकट संकेतस्थळांवरून. ई-फायलिंगच्या पोर्टलवर फाइलचा आकार जास्त भरतो, दाखल करायची वेळ संपत आलेली असते आणि कारकून घटस्फोटाचा संपूर्ण अर्ज, वैद्यकीय कागदांसह, कुठल्याशा अनोळखी संकेतस्थळावर चढवतो. त्यात त्याचा हेतू वाईट नसतो, त्याला दुसरा मार्ग दाखवलेला नसतो. पाने जोडण्याचे आणि आकार कमी करण्याचे, इंटरनेटशिवाय चालणारे सॉफ्टवेअर प्रत्येक संगणकावर घालून द्यावे आणि ते कसे वापरायचे हे शेजारी बसून शिकवावे. मसुदा भाषांतरित करण्यासाठी किंवा सारांशासाठी फुकट एआय साधनात चिकटवण्यालाही हाच नियम. नावे, गट नंबर, आधार क्रमांक असलेला मजकूर तिथे जाऊ नये. व्हॉट्सअ‍ॅपवर पक्षकार कागद पाठवणारच. ते त्याच दिवशी फोल्डरमध्ये उतरवून फोनमधून काढावेत आणि फोनच्या गॅलरीत आपोआप साठवण्याची सोय बंद ठेवावी.

मजकूर झाकण्याबाबत एक सूचना. पीडीएफमध्ये नावावर काळी पट्टी ओढली म्हणजे नाव गेले असे होत नाही, खालची अक्षरे निवडून दुसरीकडे चिकटवता येतात. मजकूर काढूनच टाकणारे साधन वापरावे, किंवा छापून, झाकून, पुन्हा स्कॅन करावे, आणि पाठवण्यापूर्वी शोध घेऊन नाव सापडत नाही ना ते पाहावे.

प्रत्येक फाइलच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, त्यांतली एक कार्यालयाबाहेर. बाहेरची हार्ड डिस्क काम झाल्यावर संगणकापासून सोडवून ठेवावी, कारण खंडणीखोर व्हायरस जोडलेल्या डिस्कवरच्या प्रतीही कूटबद्ध करून टाकतो. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी न्यायालयाला सुट्टी असते. त्या दिवशी निकाली निघालेल्या एखाद्या दाव्याची फाइल राखीव प्रतीतून खरोखर परत उघडून, पाने मोजून पाहावीत. न तपासलेल्या राखीव प्रतीचा भरवसा नसतो.

पुरावा म्हणून आलेल्या ध्वनिफिती आणि चित्रफिती

पक्षकाराच्या मोबाइलमधले रेकॉर्डिंग हे स्कॅन केलेल्या कागदासारखे हाताळू नये. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किशनराव गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र देण्याची अट कायम ठेवली. मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले तर गोष्ट वेगळी. आता साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र दोन भागांत द्यावे लागते, एक भाग उपकरण ताब्यात असणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश मूल्य, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा अंकाक्षरी ठसा, नोंदवायचे असते. म्हणून फाइल मिळताच तिचे एसएचए-२५६ पद्धतीचे हॅश मूल्य काढून नोंदवावे, मूळ प्रत केवळ वाचता येईल अशी ठेवावी आणि ऐकण्यासाठी वेगळी प्रत वापरावी. पक्षकाराला मूळ फोन जपायला आणि त्यातले काही न पुसायला लेखी सांगावे. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेली चित्रफीत दाबली जाऊन बदललेली असते, तिचा हॅश मूळ फाइलशी जुळत नाही.

प्रत्येक पक्षकाराचे फोल्डर काटेकोर वेगळे ठेवण्याला आणखी एक कारण आहे. वकिलांना तपास यंत्रणांनी समन्स काढण्याच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिलेल्या निर्णयानुसार वकिलाचे डिजिटल उपकरण न्यायालयासमोरच हजर करायचे असते आणि ते उघडताना इतर पक्षकारांची गोपनीयता भंग होता कामा नये. सगळ्या पक्षकारांचे कागद एकाच ‘डाउनलोड्स’मध्ये पडलेले असतील, तर हे संरक्षण प्रत्यक्षात कसे राबवायचे?

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. कायदेशीर हक्क बजावण्यासाठी केलेल्या कामाला त्यात बरीच सूट आहे, पण माहितीच्या सुरक्षिततेसाठी वाजवी उपाय करण्याच्या कर्तव्यातून सूट नाही, आणि त्यात कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. लॅपटॉप चोरीला गेला किंवा खाते फोडले गेले, तर पासवर्ड बदलणे, पोलिसांत तक्रार आणि ज्यांची माहिती गेली त्या पक्षकारांना स्वतःहून कळवणे, ही तिन्ही कामे त्याच दिवशी व्हावीत. पक्षकाराला ते प्रतिपक्षाकडून कळण्यासारखी दुसरी नामुष्की नाही.

कागद कधी आणि कसा नष्ट करावा

निकाल लागला म्हणजे फाइल संपली असे दिवाणी कामात होत नाही. हुकूमनाम्याच्या दरखास्तीला, म्हणजे त्याच्या अंमलबजावणीच्या अर्जाला, मुदत कायद्याच्या अनुच्छेद १३६ प्रमाणे बारा वर्षांची मुदत आहे आणि कायम मनाईच्या हुकूमनाम्याला तर मुदतच नाही. तेव्हा अशा फाइलची संगणकीय प्रत काढून टाकण्याचा प्रश्न येत नाही. अज्ञान पक्षकाराच्या फाइलींवर तो सज्ञान होण्याची तारीख लिहून ठेवावी.

नष्ट करायचा तो तिसरा गठ्ठा, आणि तोही स्कॅन झाल्यावर लगेच नाही. एकाने स्कॅन करावे, दुसऱ्याने मूळ पानांशी ताडून सही करावी, राखीव प्रत उघडून पाहिली जावी आणि त्यानंतर किमान तीन महिने गठ्ठा तसाच राहावा. मग फाइलीचे नाव, पाने, तारीख आणि दोघांच्या सह्या नोंदवून तो कार्यालयातच आडवे-उभे कापणाऱ्या यंत्रात घालावा. रद्दीवाल्याला अखंड कागद देऊ नयेत. त्या कागदांवर कुणाचा पत्ता, पगार आणि घरातले भांडण लिहिलेले असते, आणि रद्दीतला कागद भेळेच्या पुडीपर्यंत जातो.

सुरुवात सर्व कपाटांपासून करू नये. या महिन्यात नव्याने येणारी प्रकरणे आणि पुढच्या पंधरा दिवसांत तारखा असलेली दहा प्रकरणे एवढीच घ्यावीत. त्यांवर नावे, नोंदवही आणि ताडणी यांची घडी बसली, की निकाली फाइलींकडे वळावे, आणि तिथे पहिला हात मोडीतल्या व वाळवी लागण्याची भीती असलेल्या कागदांना घालावा.